काका ‘नाही, पुन्हा’ एवढेच म्हणतात

प्रश्न : माझे वय ३४ आहे. नोकरी सांभाळून गेले ११ महिने मी दर शनिवारी आणि रविवारी एका ज्येष्ठ कारागिरांकडे पुस्तकबांधणी शिकायला जाते. मी त्यांना काका म्हणते. पहिले पाच महिने कागद दुमडणे, घड्या दाबणे आणि खळ शिजवणे यापलीकडे मला काही करू दिले गेले नाही. आता शिलाई करते, पण चुकले की काका ‘नाही, पुन्हा’ एवढेच म्हणतात. गेल्या महिन्यात मी शिवलेले आठ फर्मे (दुमडलेल्या कागदांचे जुडगे) त्यांनी सगळ्यांसमोर उसवले आणि ‘हात जड आहे’ म्हणून परत माझ्या पुढ्यात ठेवले. कारण विचारले, तर ‘करता करता कळेल’. एका व्हिडिओत पाहिलेली वेगळी पद्धत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या पद्धतीने मी घरी गुपचूप एक वही बांधली आहे; ती त्यांना दाखवावी की नाही, हेही कळत नाही. हे काम माझ्या अंगचेच नाही का? त्यापेक्षा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा का? आणि काकांना सोडले, तर तो कृतघ्नपणा ठरेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी ‘हात जड आहे’ या तीन शब्दांपाशी थबकले, कारण नेमके हेच शब्द मीही ऐकून घेतलेले आहेत. लेखनाच्या कामातून सवड काढून काही वर्षे मी एका वयस्कर कारागिरांकडे बांधणी शिकले. उत्तम बाइंडर झाले नाही. पण कोणत्या चुकीला काय म्हणतात, एवढे समजू लागले. तुम्हाला ते वाक्य शेरा वाटले, तुमच्या बोटांवर आणि त्याहून तुमच्या वकुबावर मारलेला. मला ते निदान वाटते, आणि बऱ्यापैकी अचूक निदान.

जुजबंदी शिलाईत, म्हणजे फर्मे एकावर एक शिवत जाण्याच्या रीतीत, प्रत्येक फर्मा दोन्ही टोकांना आपल्या खालच्या फर्म्याशी गाठीने जोडला जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ही गाठ पक्की व्हावी म्हणून नवखा माणूस ती जरा जास्तच आवळतो आणि दोरा त्या जागी कागदात रुततो. एका फर्म्यात ते दिसत नाही, चार फर्म्यांतही फारसे दिसत नाही. पण आठव्या फर्म्यापर्यंत येताना गठ्ठा दोन्ही टोकांना दबलेला आणि मध्ये फुगलेला झालेला असतो, आणि मग पुढे कण्याला, म्हणजे पुस्तकाच्या शिवलेल्या पाठीला, गोलाई देताना तो कितीही ठोकला तरी सरळ येत नाही. हे टाळायला गाठ सैल सोडावी, तर फर्म्यांमध्ये फट पडते. दुसरा प्रकार दोरा ओढण्याच्या दिशेचा. न सरावलेला हात दोरा आपल्या अंगाकडे, म्हणजे कण्याला काटकोनात ओढतो आणि भोकाशी कागद फाटतो. सरावलेला हात तो कण्याला समांतर, शिलाई ज्या अंगाने पुढे चालली आहे त्याच अंगाने ओढतो. दोन्ही चुकांना आमच्याकडे ‘हात जड’ असेच म्हणत. तुमची चूक यांपैकी कोणती होती, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण काकांनी तो गठ्ठा उचलून चिमटीत आधी टोके आणि मग मधला भाग दाबून पाहिला असेल, तर त्यांना ते दोन सेकंदांत कळलेले असणार.

मग एवढे तोंडाने सांगायला त्यांचे काय जात होते, असे तुम्ही म्हणाल, आणि ते रास्त आहे. माझे उत्तर असे की, काका जे सांगत नाहीत त्यातले बरेचसे त्यांना सांगता येत नाही. ते त्यांच्या हाताला माहीत आहे आणि जिभेपर्यंत आलेले नाही. त्यांच्या हाताला बोलते कसे करायचे, हे तुम्हाला शिकावे लागेल, आणि माझ्या मते या घडीला गाठ मारायला शिकण्यापेक्षाही ते तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

रसायनशास्त्रातून तत्त्वज्ञानाकडे वळलेले मायकेल पोलान्यी यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत हा विचार विस्ताराने मांडला, की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून जास्त ज्ञान त्याच्याजवळ असते. सायकल चालवणारा तोल नेमका कसा सावरतो, हे त्याला सांगता येत नाही म्हणून त्याला सायकल येत नाही असे होत नाही. याची प्रचीती हवी असेल, तर बुटाची नाडी कशी बांधायची हे कोणाला तरी फोनवरून समजावून पाहा, आणि स्वतःचे हात मात्र मांडीखाली दाबून ठेवा. रोज सहज होणारी ती कृती शब्दांत पकडताना तुम्ही तिसऱ्या वाक्यालाच अडखळाल. चाळीस-पन्नास वर्षे एकच काम केलेल्या माणसाचे असे शेकडो नाड्यांच्या बाबतीत झालेले असते. ‘का?’ असे विचारले, की तो प्रामाणिकपणे आपल्या आत शोधतो, तिथे शब्द सापडत नाहीत, आणि मग ‘करता करता कळेल’ असे बोलून मोकळा होतो. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. करता करता चूकही पक्की होते. एकच चुकीची गाठ वर्षानुवर्षे मारत आलेली माणसे मी पाहिली आहेत.

तेव्हा ‘का’ विचारणे काही दिवस थांबवा आणि ज्या प्रश्नाचे उत्तर हाताने देता येईल असे प्रश्न विचारायला लागा. माझेच उदाहरण सांगते. खळ किती घट्ट असावी हे मी माझ्या गुरूंना किमान दहा वेळा विचारले असेल. दर वेळी उत्तर एकच, ‘बेताची’. एके दिवशी चिडून मी तीन वाट्यांत तीन प्रकारची खळ करून त्यांच्यासमोर मांडली, एक घट्ट, एक मध्यम आणि एक पातळ, आणि एवढेच विचारले, की यांतली कुठली? ते हसले, त्यांनी कुंचला उचलला आणि पहिल्या वाटीत बुडवून वर धरला. खळ कुंचल्यालाच चिकटून राहिली. ही पुठ्ठ्यावर कापड चढवायला, म्हणाले. दुसरीतला कुंचला उचलला तेव्हा खळ क्षणभर थांबून एका धारेने खाली आली. ही कागदाला. तिसरी त्यांनी सरळ ओतून दिली आणि ओतता ओतताच, कोणी न विचारता, सांगू लागले, की पातळ खळीतले पाणी कागद पिऊन घेतो, ओला कागद फुगतो, तो तसाच ताणून बसवला की वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढून धनुष्यासारखा वाकवतो, म्हणून आतल्या बाजूनेही कागद लावून ती ओढ तोलून धरायची असते. महिनोन्महिने मी ‘का’ विचारत होते त्याचे उत्तर ‘कुठली’ विचारल्यावर पाच मिनिटांत मिळाले. शब्द त्यांच्याजवळ होते; ते बाहेर यायला समोर वस्तू लागत होती.

शिलाईच्या बाबतीत तुम्हाला हेच करता येईल. पुढच्या वेळी चार-चार फर्म्यांचे दोन छोटे गठ्ठे शिवून न्या, एकाच्या गाठी तुमच्या नेहमीच्या आवळीच्या आणि दुसऱ्याच्या जाणूनबुजून सैल, आणि काकांना फक्त विचारा, की यांतला जवळचा कोणता आणि तो बिघडला आहे तो नेमका कुठल्या फर्म्यापासून. ते बोट ठेवतील. जिथे बोट ठेवतील तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसरे असे, की त्यांना तुमच्याच गठ्ठ्यावर एक गाठ मारायला सांगा आणि ते दोरा ओढत असताना, त्यांची हरकत नसेल तर, दोऱ्याच्या दुसऱ्या भागावर तुमचे बोट हलकेच टेकवा. किती ओढ म्हणजे पुरेशी, हे कितीही ऐकून कळणार नाही. ते त्या बोटाला कळेल. आणि शिलाई सुरू असताना मनातल्या मनात ठरवण्याऐवजी तोंडाने बोला : ‘आता मी इथे थोडी कमी ओढते आहे.’ चूक करून झाल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला चूक होण्याआधीच हात पुढे करायची संधी त्यामुळे मिळते, आणि पुष्कळ अबोल माणसे ती संधी घेतात. संध्याकाळी घरी आल्यावर त्या दिवशी त्यांनी काय काय नाकारले आणि काय निमूट चालवून घेतले, हे वहीत लिहून ठेवा. तुम्ही पत्रात त्यांच्या नकारांची यादी दिली आहे, पण त्यांनी काही न बोलता बाजूला ठेवून दिलेले फर्मे किती, हे कुठेच लिहिलेले नाही. अशा माणसाची पसंती बहुधा तिथेच, त्या न बोलण्यात असते.

पहिल्या पाच महिन्यांबद्दल तुमच्या मनात जी अढी आहे, तिच्याबद्दल माझे मत तुमच्याहून थोडे वेगळे आहे. आठवड्याचे दोन दिवस धरले तर पाच महिने म्हणजे जेमतेम चाळीस दिवसांचे काम. शिवाय नवख्याला कामाच्या शेवटच्या टोकापासून आत घेण्याची रीत जगात अनेक कारागिरांकडे सापडते. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवार कसे शिकतात याचा अभ्यास केला. तिथे कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने शिकवले जात असे : आधी गुंड्या लावणे, काठ शिवणे आणि इस्त्री करणे, मग तुकडे जोडून शिवणे, आणि कापड कापणे सर्वांत शेवटी. कारण उघड आहे. काठ चुकला तर उसवता येतो. कात्री चुकली तर कापड जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुंडी लावणाऱ्याच्या हातात रोज पूर्ण झालेला कपडा येतो, त्यामुळे चांगला कपडा कसा दिसतो हे त्याला कापायला शिकण्याच्या कितीतरी आधी कळलेले असते.

कागद दुमडण्याचेही तसेच आहे. कागदातल्या तंतूंना दिशा असते; त्या दिशेने घडी सहज आणि स्वच्छ पडते, तिच्या आडवी घातली तर घडीची कड खडबडीत होते. पुस्तकात ही दिशा कण्याला समांतर नसेल, तर पाने ताठ राहतात, उघडल्यावर आपणहून मिटू पाहतात आणि दमट हवेत कण्यापाशी लाटा धरतात. हे सगळे छापील वाक्यात वाचून पाठ होते, पण कागद हातात घेऊन किंचित वाकवल्याबरोबर दिशा ओळखणे हे हजारभर घड्या घातल्यावरच येते. आता तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा : अनोळखी कागद हाती आला, तर त्याची दिशा तुम्हाला ओळखता येते का? येत असेल, तर त्या चाळीस दिवसांची मजुरी तुमच्या हातात जमा आहे. येत नसेल, तर मात्र काकांनी तुम्हाला काम दिले आणि लक्ष कशाकडे द्यायचे ते सांगितले नाही, ही त्यांची उणीव मी मान्य करते.

‘नाही, पुन्हा’ या दोन शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण शिकवणाऱ्याने पावलोपावली चूक दाखवावी, अशी आपली सर्वांचीच अपेक्षा असते. हातांच्या हालचाली माणूस कशा शिकतो, याचा अभ्यास करणारे रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकारी संशोधक यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्यांना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला गेला त्यांच्यापेक्षा ज्यांना साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर सांगितला गेला, त्यांच्याकडे ते कौशल्य नंतर अधिक टिकले. दर वेळी दुसऱ्याने सांगायचे ठरले, की आपण स्वतः तपासणे सोडून देतो. काकांनी हा प्रयोग वाचून तुम्हाला शिकवले असेल असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्या मितभाषीपणाचा काही लाभ तुम्हाला नकळत झालेला असू शकतो. अर्थात कमी सांगणे आणि संदिग्ध सांगणे यांत फरक आहे. ‘नाही’ हा शब्द दिवसातून तीनदाच आला तरी चालेल, पण त्याच्याबरोबर एक बोट हवे, कुठे ते दाखवणारे.

आणि सगळ्यांसमोर उसवण्याबद्दल. उसवले ते योग्य केले. तो गठ्ठा तसाच पुढे गेला असता, तर पुस्तक बिघडले असते. सगळ्यांसमोर उसवले ते योग्य केले नाही. माणूस अपमानाने गोरामोरा झालेला असताना त्याचे डोळे दोऱ्याकडे नसतात, भोवतालच्या चेहऱ्यांकडे असतात. म्हणजे त्या क्षणी शिकवणे थांबलेले असते. हे तुम्ही त्यांना सांगू शकता, आणि सांगायला हवे, मात्र दुसरे कोणी नसताना आणि तक्रारीच्या सुरात न बोलता. ‘काका, त्या दिवशी तुम्ही उसवताना मी लाजेने नीट पाहूच शकले नाही, कुठून सैल करत आणलेत ते माझे बघायचे राहिले, पुढच्या वेळी मला एकटीला बाजूला घेऊन दाखवाल का?’ असे काहीसे. यात आरोप नाही आणि मागणी स्पष्ट आहे. एवढे ऐकूनही त्यांनी पुढच्या वेळी मुद्दाम चारचौघांतच केले, तर तो त्यांच्या स्वभावाविषयी एक पुरावा समजा आणि जपून ठेवा.

व्हिडिओचा प्रसंग मी फार वाढवणार नाही. पद्धती अनेक असतात आणि काकांची एकच बरोबर आहे, असे समजण्याचे कारण नाही. पण शिलाईच्या दोन पद्धतींची सरमिसळ करण्याआधी एक हातात बसू द्यावी, हे मात्र खरे. दिवसभराचा अबोला रागाचाच होता की ‘आपल्याकडचे हिला आता पुरेनासे झाले’ अशा हिरमोडाचा होता, हे तुम्हाला विचारल्याशिवाय कळायचे नाही.

आता त्या प्रमाणपत्राबद्दल. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात काकांकडे नाही असे बरेच काही मिळेल : कामांचा आखलेला क्रम, हत्यारांची आणि भागांची नीट नावे, कारणमीमांसा, आणि तुमच्याच पायरीवर उभी असलेली चार माणसे, जी तुमच्याइतकीच चुकतात हे पाहून जीव भांड्यात पडेल. पिठाची खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, तर वाळलेला पांढरा गोंद सहसा सुटत नाही, म्हणून जुन्या मौल्यवान पुस्तकाला कोणता लावायचा, अशा गोष्टी तिथे पहिल्याच आठवड्यात स्वच्छ शब्दांत कळतील. तिथे मिळणार नाही ती गोष्ट म्हणजे मोडलेल्या, कुजलेल्या, आधी कोणीतरी चुकीचे बांधून ठेवलेल्या पुस्तकासमोर बसून काय करू नये हे ठरवणारा माणूस. माझे मत विचाराल, तर अभ्यासक्रम जरूर करा, पण काकांच्या बदली म्हणून करू नका. अकरा महिने हात चालवल्यानंतर तिथल्या शब्दांना तुमच्या बोटांत लगेच जागा मिळेल, आणि तिथले शब्द घेऊन परत आलात की काकांना प्रश्न विचारणे सोपे जाईल. तीन महिने शनिवार-रविवार जमणार नसतील, तर ते नाव नोंदवण्याआधी, त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा. तिसऱ्याकडून कळू देऊ नका.

तुम्ही विचारलेला नाही असा एक प्रश्न मात्र मला तुमच्या पत्रात दिसतो : हे शिकणे आहे, की फुकटची राबवणूक? तो मायकेल फॅरडे यांनाही पडला असणार. विजेच्या शास्त्रात पुढे एवढे मोठे नाव झालेला हा माणूस १८०५ सालापासून सात वर्षे लंडनमध्ये जॉर्ज रीबो यांच्याकडे बुकबाइंडिंगची उमेदवारी करत होता. रीबो यांनी त्याला बांधायला आलेली पुस्तके वाचू दिली, प्रयोग करू दिले. १८१२ साली त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली आणि ती स्वतः बांधून, साधारण तीनशे पानांचा तो ग्रंथ डेव्ही यांना पाठवून दिला. पुढच्या वर्षी डेव्ही यांनी त्याला मदतनीस म्हणून घेतले आणि आपल्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर नेले. तिथे मात्र त्याला डेव्ही यांच्या खासगी नोकराचीही कामे करावी लागली, आणि डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखेच वागवले. सगळे सोडून परत जावे, असे त्याच्या मनात येऊन गेले होते. तरी तो थांबला, कारण त्याच दौऱ्यात त्याला अँपिअर आणि व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटत होते, प्रयोग जवळून पाहायला मिळत होते. कष्टाच्या आणि अपमानाच्या बदल्यात काही पदरात पडत होते, आणि त्याला ते दिसत होते.

तुमचाही हिशेब याच मापाने करा. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला येऊ लागलेल्या आणि त्याआधी न येणाऱ्या दोन-तीन गोष्टी नाव घेऊन सांगता येतात का? तुमच्या हातचे काम गिऱ्हाइकाकडे जाऊ लागले असेल, तर त्याचा मोबदला किंवा निदान उल्लेख होतो का? काका अवघड काम करायला बसतात तेव्हा तुम्हाला जवळ उभे राहू देतात, की त्याच वेळी तुम्हाला दुसरीकडे पिटाळतात? या तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देते. न बोलणारा गुरू परवडतो. हात झाकून काम करणारा परवडत नाही. तिन्ही उत्तरे तुमच्या विरुद्ध गेली, तर अभ्यासक्रमाची वाट न बघता निघा, आणि त्यात कसलाही कृतघ्नपणा नाही. कृतज्ञता ही शिकवल्याची असते, शनिवार-रविवार दिल्याची नसते. आणि गुरूही माणूसच असतो : याच डेव्ही यांनी १८२४ साली रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत फॅरडे यांच्या निवडीला विरोध केला. फॅरडे तरीही निवडून आले.

अंगचे असण्या-नसण्याविषयी मला फार बोलायचे नाही, कारण अकरा महिन्यांत, तेही आठवड्याचे दोन दिवस काम करून, ते कोणालाच ठरवता येत नाही. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला दहा हजार तासांचा आकडा तेवढा जगभर गाजला. ते तास दोन शिकवण्यांच्या मधल्या काळात, एकट्याने आणि एखादी ठरावीक उणीव हेरून केलेल्या सरावाचे होते, हे मात्र मागे पडले. तुमचे सोमवार ते शुक्रवार सरावाविना जाताना दिसतात. रोज रात्री वीस मिनिटे, रद्दी कागदाचे सहा फर्मे, आणि फक्त टोकाची गाठ. पूर्ण वही बांधायची नाही. शिवायचे, चिमटीत दाबून टोक आणि मध्य यांतला फरक बघायचा, उसवायचे. दोन आठवड्यांनी यातले दोन नमुने वर म्हटल्याप्रमाणे काकांपुढे ठेवायचे.

राहिली ती तुम्ही गुपचूप बांधलेली वही. ती दाखवा. लपवून ठेवलीत, तर तिच्यातल्या चुका तुमच्याजवळच राहतील, आणि बरे साधले असेल तेही तुम्हाला कळणार नाही. शनिवारी जरा लवकर जा, काकांचे हात अजून खळीत गेलेले नसताना, आणि ‘मी घरी एक वही बांधली, त्या व्हिडिओतल्या रीतीने, कुठे बिघडली ते मला सापडत नाही’ एवढेच म्हणून ती त्यांच्या हातात द्या. मग काही बोलू नका. काका ती आधी कुठे दाबून पाहतात, तिकडे लक्ष ठेवा.